डावीकडे कललेलं मडकं

एकोणीसशे ऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमारास मी रत्नागिरीत एका कुंभाराकडे मडकी घडवायला शिकत होतो. शेजारच्या चाकावर एक निवृत्त एस.टी. ड्रायव्हर बसायचे. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मातीचा गोळा ते दोन्ही हातांनी स्टेअरिंगसारखा धरत. मडकं डगमगू लागलं की त्यांचा उजवा पाय जमिनीवर ब्रेक शोधायचा आणि तोंडातून आपोआप “धरून बसा!” निघायचं. तोवर मडकं आडवं झालेलं असे.

कुंभार ओरडायचा, “अवो काका, माती हाय ती, गाडी न्हाय!”

“गाडी परवडली,” ते म्हणायचे. “गाडीची चाकं एवढी फिरली असती तर एव्हाना लांज्याला पोचलो असतो.”

अखेर त्यांचं एक मडकं भट्टीतून धडधाकट निघालं, पण डावीकडे चांगलंच कललेलं. त्यांच्या बायकोनं आधीच बजावलं होतं, “तुम्हाला जमायचं नाही ते.” त्यामुळे घरी जाताना एस.टी.त मडकं मांडीवर घेऊन ते माझ्याशेजारी तोंड पाडून बसले होते.

घाटात गाडी झपकन डावीकडे वळली. आम्ही सगळे उजवीकडे कललो आणि मडकं तेवढं ताठ उभं राहिलं.

त्यांचा चेहरा उजळला.

“सरळच आहे की हो! आमच्या हिला घाटात आणून दाखवायला हवं.”