जळकोटला झालेलं बाळंतपण

कुंटणखान्यातनं सोडवून आणलेल्या लई पोरी म्या सांभाळल्या, पर एकीनंच माझा जीव जाळला. लोहाऱ्यात चार वर्षं ती माझ्या घरी राहिली. तिचं लगीनबी म्याच लावून दिलं. पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडंच येईल म्हणून म्या डिंकाचे लाडू वळले, जुनी लुगडी फाडून दुपटी शिवली.

तिचा फोन आला, "मावशी, मी जळकोटला आईकडं चाललेय."

"जिनं तुला इकलं, तिच्याकडं?"

"माय हाय ती माझी."

मग लाडू घेऊन मीच जळकोटला गेले. तिला पोरगी झाली व्हती. तिची माय पाय पसरून लेकराला तेल चोळत व्हती. लेकरानं तिच्या हातात रडावं असं मला लई वाटलं. ते गुमान पडून राहिलं.

माय चहा टाकायला आत गेली तवा म्या पोरीला म्हणलं, "लेकराला हिच्यापाशी एकटं सोडू नगं."

"न्हाय सोडत, मावशी. म्हणून तर अंघुळीच्या येळंलाबी समोर बसते."

समदं कळत व्हतं तिला, तरी माय तीच.

चहा चांगला झाला व्हता. म्या निम्मा तसाच ठिवला.