वकील सोडायची परवानगी

माणसांवर संशय घेणं हा माझा स्वभाव आहे, आणि बेळगावात टिळकवाडीतल्या प्राथमिक शाळेत शिकवताना तो चांगला पोसला गेला. कॉपी करणारं पोर मला मानेवरून ओळखू यायचं. त्यामुळे निपाणीत आक्काच्या दिराकडच्या साखरपुड्यात आमचे वकील पहिल्या पंगतीला दिसले आणि खुद्द दीर त्यांच्या पानात आग्रहानं जिलेबी वाढताना दिसला, तेव्हा मी जेवण सोडून तिकडेच बघत राहिले. कोर्टात भांडण चालू असलं तरी आमंत्रण द्यायची पद्धत आमच्याकडे अजून मोडलेली नाही, म्हणून आम्ही दोघी तिथं होतो. पण वकिलांना कुणी आणि कशासाठी बोलावलं?

आक्का माझी मोठी बहीण. मेहुणे गेल्यावर दिरानं निपाणीचं घर विकायला काढलं. तिला मूलबाळ नाही, दुसरं छप्पर नाही. माझ्याकडे ये म्हटलं तर म्हणते, "माजं घर असताना तुज्या दारात कशाला?" म्हणून तिनं वाटणीचा दावा लावला आणि निकाल लागेपर्यंत घर विकू नये असा मनाईहुकूम मागितला.

वकील कोण द्यायचा याचा विचारसुद्धा आम्ही केला नव्हता. सीमेच्या सत्याग्रहात आमच्या वडिलांना, आप्पांना पकडलं होतं, तेव्हा त्यांच्यासाठी कोर्टात उभा राहिलेला तरुण वकील हाच. फी घेतली नाहीच, उलट आईला म्हणाला, "काकू, जेवून घ्या. आप्पा येत्यात." आप्पा आले. तेव्हापासून ते आमचे अण्णा, आणि घरात त्यांच्याविषयी वावगा शब्द कुणी काढायचा नाही.

हेच अण्णा आता मनाईहुकमाच्या अर्जावर नुसत्या तारखा घेत होते. कधी कागद अपुरे, कधी तब्येत, कधी सरळ गैरहजर. जिलेबीचं मी बोलले तर आक्का माझ्यावरच उखडली.

"जेवाय बसलं म्हंजे काय विकलं गेलं व्हय? वय झालंय त्यांचं."

"आपल्याकडं चहा पिताना घड्याळ बघत्यात," मी म्हटलं, "तिथं मठ्ठा मागून घेतला."

पुढच्या आठवड्यात दिरानं घर मोजायला माणूस आणला. त्यानं आक्काच्या स्वयंपाकघरात टेप धरला, आणि मग मात्र ती माझ्याबरोबर बेळगावला आली.

तिथं कॅम्प भागात एका वकिलाचं नाव ऐकलं होतं. त्यांनी कागद नीट वाचले, मनाईहुकूम केव्हाच मिळायला हवा होता म्हणाले, आणि फाईल बंद करून आमच्याकडे सरकवली. "पण आधी त्यांची ना-हरकत आणा."

"कुणाची?"

"तुमच्या वकिलांची. ते सोडतो म्हणाल्याशिवाय दुसऱ्यानं वकीलपत्र घ्यायचं नसतं. कोर्टाकडून परवानगी मागता येते, पण मग त्यांनी काय केलं हे भर कोर्टात मला बोलावं लागेल. उद्या त्यांच्याच शेजारी बसायचंय मला."

दूधवाला बदलताना आम्ही जुन्या दूधवाल्याची सही आणत नाही, असं मी म्हटलं. ते हसले. मला हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

"मग तक्रार कुणाकडे करायची?"

"बेंगळुरात परिषद आहे. वकिलीची सनद रद्द करायचा अधिकार तिचा."

"तिथं कोण असतं?"

"वकील."

"त्यांना निवडून कोण देतं?"

"आम्हीच." त्यात काही वावगं आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. "मग काय, सरकारकडे द्यावा म्हणता हा अधिकार?"

मी हो म्हणणार होते. पण मला शाळा तपासायला येणारे साहेब आठवले. मराठीचा गंध नाही, तरी मुलांच्या मराठी वह्या उघडायचे, मिटायचे आणि शेरा कानडीत लिहून जायचे. त्यांच्या हातात आमची नोकरी होती, म्हणून आम्ही माना डोलवायचो. तोवर आक्काच बोलली.

"सरकारच्या हातात सनद असती तर आप्पांच्या येळंला अण्णा हुबं ऱ्हायलं असतं का?"

ते खरं होतं, म्हणून मला तिचा रागच आला. "सरकार नको," मी म्हटलं, "पण खटले लढून दमलेली दोन साधी माणसं तरी त्या परिषदेत बसवा."

"त्यांना कायदा कुठं कळतो?"

"जिलेबी कळते की."

तक्रार आम्ही कोर्टाबाहेरच्या टंकलेखकाकडून इंग्रजीत करून घेतली. ती पिशवीत घालून पोस्टाकडे निघालो तोच आक्काच्या फोनवर अण्णा. "येऊन जा एकदा." त्यांना सांगितलं कुणी? मी टंकलेखकावर संशय घेतला, मग कॅम्पातल्या वकिलांवर, मग झेरॉक्सवाल्यावरही. अजून तिघांपैकी कुणालाच मी सोडलेलं नाही.

त्यांच्या ऑफिसात अण्णांनी चहा मागवला. समोर ना-हरकत तयार होती, सहीसकट. तिच्यावर त्यांचा हात होता.

"तुजा कागद दे, ह्यो घे," ते आक्काला म्हणाले.

मी तिला डोळ्यांनी नको म्हणत होते. पण टेप माझ्या स्वयंपाकघरात धरला नव्हता. तिनं पिशवीतून तक्रार काढून दिली. अण्णांनी ती न वाचता खणात टाकली, आणि माझ्यानं राहवलं नाही.

"अण्णा, तुमी त्यांच्याकडनं झालाय का?"

ते चिडले नाहीत. "तुजा आप्पाबी असाच संशयी हुता," ते म्हणाले. "माज्यावर मातर कधी घेतला न्हाय त्यानं."

मला रडू आलं. जिना उतरून रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं की ते काही उत्तर नव्हतं.

तिथून आम्ही तडक कॅम्पात गेलो. वकिलांनी ना-हरकत उलटसुलट पाहिली आणि नवं वकीलपत्र आक्कापुढे ठेवलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "ती तक्रार पाठवली नाही ना?"

"न्हाय."

"बरं केलंत. तक्रारी करणाऱ्या पक्षकाराचं काम घ्यायला आमच्यात कुणी धजत नाही."

पेन धरून आक्का माझ्या कानाशी वाकली. "ह्यो तरी बरा हाय का गं?"

मी त्यांच्या मानेकडे पाहिलं. त्यावरून काही कळेना. भिंतीवर सनद होती, चौकटीत, आणि ती देणारेही वकीलच.

"ठावं न्हाय."

"मग इचारायचं कुणाला?"

मी वकीलपत्र तिच्या हाताखाली सरळ केलं. आक्कानं सही केली.