कोलंबोतला अकरावा शुक्रवार

मी तशी ताठ्याची बाई. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या ताठ्यापायीच झालं. कवठे येमाईत आमचं घर मोठं, कुणापुढे हात पसरायची कधी वेळ आली नव्हती. गेल्या साली मालकांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि पाय लुळे पडले. शिरूरच्या दवाखान्याच्या पायरीवर बसून मी येमाईला बोलून गेले, "आई, ह्यांना पायावर उभं कर. सलग अकरा शुक्रवार पाच घरं जोगवा मागीन." सहा महिन्यांत मालक काठीशिवाय गोठ्यापर्यंत जायला लागले आणि मी परडी घेऊन बाहेर पडले. पाच घरी मूठमूठ पीठ मागायचं, त्याची भाकरी करून देवीला नैवेद्य दाखवायचा, तोवर उपाशी राहायचं.

दहा शुक्रवार नीट पार पडले. एक गोष्ट मात्र लपवत नाही. दर शुक्रवारी मी शेजारचं दार सोडून पुढे जायचे. ते माझ्या धाकट्या जावेचं, सुमनचं. दूध सोसायटीच्या इलेक्शनला दोघे भाऊ एकमेकांविरुद्ध उभे राहिले, तेव्हापासून आमचं बोलणं बंद होतं. मालक आजारी असताना ती बघायला आली, तर मी तिच्या तोंडावर दार लोटलं. आजही आठवलं की माझीच मला लाज वाटते.

त्यात मुलानं हौसेनं आम्हा दोघांची कोलंबोची ट्रिप ठरवली. टूरवाला म्हणाला, चार मुक्काम. मी मुंबईच्या विमानतळावर बसून काढायची रात्रही त्यातच धरली आणि शुक्रवारी सकाळी आपण घरी, असं समजून परडी देव्हाऱ्यात ठेवून निघाले. शिरूरच्या स्टँडजवळ गाडीत चढते तर काय, पुढच्याच सीटवर सुमन! बचत गटाच्या बायकांबरोबर ती पण निघालेली. मी नाक वर करून पार मागं जाऊन बसले.

खोटं कशाला बोलू, कोलंबो मला फार आवडलं. बुद्धाच्या देवळात कमळं वाहिली, बाजारातली लाल-पांढऱ्या पट्ट्यांची मशीद तर मान मोडेपर्यंत बघितली. गुरुवारी संध्याकाळी समुद्राकाठच्या मैदानात मालकांनी पतंग घेतला आणि उजव्या हातात दोरा धरून उडवला! त्या हाताला मेला चमचासुद्धा धरवत नव्हता. मी हसता हसता रडायला लागले. पतंग गुंडाळताना ते म्हणाले, "उद्या शुक्रवार. तुझ्या जोगव्याचं काय?"

"आज रातीचं विमान न्हाई?"

"परवाचं हाय. घरी गेल्यावर माग की. देवी काय आपली तिकिटं तपासती व्हय?"

"सलग अकरा शुक्रवार बोललीय मी. मधला एक सोडून कसं चालंल?"

सकाळी अंघोळ करून चौथ्या मजल्याच्या बोळात उभी राहिले. नऊला गाडी कमळाच्या आकाराचा तो उंच मनोरा बघायला निघणार होती. हॉटेलात सगळी दारं बंद. कुणाला हाक मारू? आई, तूच बघ आता, असं म्हणते तोच खोल्या झाडणारी एक बाई समोरून आली. कपाळाला भस्म लावलेलं. तिची भाषा मला येईना, माझी तिला. मी नुसता पदर पसरला आणि पाच बोटं दाखवली. ती पदराकडं बघत राहिली, मग हळूच म्हणाली, "अम्मन?" माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पुढं गाइडकडून कळलं, अम्मन म्हणजे देवीआई, आणि तिकडच्या तमिळ बायकाही नवस बोलून तिच्यासाठी अशाच दारोदार मागतात. तिचं नाव सेल्वी.

माझा हात धरून तिनं मला हॉटेलामागच्या तिच्या गल्लीत नेलं. पहिलं घर तिचंच. माझी जीभ उचलेना. गावात मागताना मी मोठ्या घरची सून असायचे, लोक उठून उभे राहायचे. इथं मला कोण ओळखत होतं? "जोगवा वाढा, माय," कसंबसं म्हटलं आणि पदरात तांदूळ पडले. दुसऱ्या दारात आवाज सुटला. तिसरी बाई मुसलमान होती, तिनं ओंजळ भरून घातले. चौथ्या घरी तर मी चक्क हसत होते, इतकं हलकं वाटत होतं. पुढच्या दारांना मात्र कुलपं, सगळे कामावर गेलेले. तेवढ्यात मालकांचा फोन, गाडी थांबलीय. चारच घरं झालेली. डोळ्यांत पाणी घेऊन मी सेल्वीबरोबर परत वर आले.

लिफ्ट उघडली तर सुमन आपल्या खोलीच्या दारात उभी. हातात स्टीलची छोटी डबी.

"चारच झाली न्हवं, अक्का? खिडकीतनं बघत हुते."

मी पदरातले तांदूळ सावरले.

"बाजरीचं पीठ हाय, आपल्या घरचं. दहा शुक्रवार मूठभर काढून बसायचे. तुम्ही दारावरनं पुढं जायच्या, मी परत डब्यात वतायचे. अकरावा हितं येतोय हे मी घरीच मोजलं हुतं. म्हणून संगं आणलं."

"मग गाडीत का बोलली न्हाईस गं?"

"मागायचं तुम्हाला हुतं, अक्का. न मागता जोगवा कसा वाढू?"

मी तिथंच गुडघे टेकले, पदर पसरला आणि म्हटलं, "वाढ, माय." तिनं डबी पालथी केली आणि माझ्या गळ्यात पडली. सेल्वीला काही न कळताही तीही रडायला लागली.

मनोरा आमचा राहिलाच. सेल्वीच्या गॅसवर आम्ही दोघी जावांनी भात आणि भाकरी केली, तिच्या अम्मनपुढं नैवेद्य ठेवला. मालक उजव्या हातानं जेवले.

चमत्कार झाला की नाही, मला सांगता येणार नाही. मी नवस मालकांसाठी बोलले होते. आईनं त्यांचा हात तर सोडवलाच, माझाही सोडवला. तिनं पुढ्यात किती आणून ठेवलं तरी पदर आपणच पसरावा लागतो, एवढं मला उमगलं.

नवस केव्हाच फिटला. तरी शुक्रवारी मी परडी घेऊन निघते. आता पाच घरं नाही, एकच. सुमन आतूनच ओरडते, "आल्या का मागायला?" आणि मी म्हणते, "व्हय, आले."