चार पॉइंटांचा गार्ड

"काही अर्थ नाही," असं पुटपुटायचं आणि हाताची बोटं कडाकडा मोडायची, ही आमच्या ऑफिसातल्या साहेबांची सवय. मांडीवर ऑफिसची बॅग आणि बॅगेखाली हात, त्यामुळे शेजारच्यांना नुसता आवाज यायचा. खाली बास्केटबॉल कोर्टवर एका मुलाने ध्यानीमनी नसताना पास दिलेला असायचा, पुढचा उंच मुलगा आयती बास्केट करून मोकळा झालेला असायचा, सगळा हॉल ओरडत असायचा. आणि हे सगळ्यात वरच्या रांगेत टोपी कपाळावर ओढून म्हणायचे, "काही अर्थ नाही."

पास देणारा तो मुलगा त्यांचाच होता. त्या हॉलमध्ये हे मला सोडून कुणालाही ठाऊक नव्हतं, आणि मला बोलायची बंदी होती.

आम्ही इथे परदेशात सेरंगूनला एकाच ब्लॉकमध्ये राहायचो आणि तोआ पायोहला एकाच ऑफिसात जायचो. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणाऱ्या टीमचे ते प्रमुख. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. कामात वाघ, पण कौतुकाचा शब्द तोंडातून काढायचा म्हटलं की घशाला कोरड. "बरं आहे" म्हणाले तर त्या दिवशी आमची टीम पार्टी मागायची. बायको सासऱ्यांच्या आजारपणामुळे पुण्याला होती. घरात हे आणि एनएस, म्हणजे इथली सक्तीची लष्करी सेवा, संपवून युनिव्हर्सिटीत शिरलेला लेक, दोघंच.

एकदा लिफ्टमध्ये मला म्हणाले, "तू कॉलेजात बास्केटबॉल खेळायचीस ना गं? मग शनिवारी पोराच्या मॅचला चल. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

खेळायचे म्हणजे काय, नाशिकला कॉलेजच्या टीममध्ये होते, आणि तीही गार्ड. ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांना सांगते. गार्ड म्हणजे पंगतीत वाढणारं माणूस. कुणाच्या पानात काय संपलंय, कुणाला कधी काय द्यायचं, सगळं त्याने बघायचं. जेवून उठणारे स्वयंपाकाचं कौतुक करतात. वाढणाऱ्याच्या पानात काय पडलं, हे कुणी विचारत नाही. हा मुलगा असाच गार्ड होता. मॅचमध्ये त्याचे स्वतःचे पॉइंट जेमतेम चार.

"तुम्ही येता हे त्याला माहीत आहे?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"छे! त्याला सांगितलंय मीटिंग आहे. आणि तूही कुणाला सांगायचं नाही. मी आपला एक प्रेक्षक."

मॅच संपली की वरच्या रांगेतली आमची मंडळी जवळच्या हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मोठ्या मांडवात, जायची. दोन-चार माजी विद्यार्थी, आम्ही दोघं आणि अंकल. अंकल म्हणजे शाळेतून रिटायर झालेले चिनी पीटी मास्तर. तरुणपणी याच युनिव्हर्सिटीकडून खेळलेले. कोपीचे, म्हणजे इथल्या कॉफीचे, कप टेबलावर आले की हे तोंड उघडायचे. एरवी ऑफिसात मोजूनमापून बोलणारा माणूस, पण इथे काय बोलायचा म्हणता!

"तो गार्ड कशाला ठेवलाय टीममध्ये? चार पॉइंट! मी कोच असतो तर बेंचवर बसवला असता."

झालं. वाक्याच्या शेवटी इथलं 'लाह' लावत अंकल पेटायचे. "तुम्हा लोकांना फक्त क्रिकेट कळतं लाह! रन मोजायची सवय! गार्ड काय पॉइंट करायला असतो? तो बाहेर गेला की बाकीच्या चौघांचं काय होतं ते बघ. डोकं उडालेल्या कोंबड्या!"

"म्हणजे नक्की काय करतो तो?"

मग अंकल साखरेची पाकिटं मांडून एकेक पास समजावून सांगायचे. हे पाकीट सेंटर, म्हणजे तो उंच मुलगा, हे पाकीट आपला पोरगा. मी पण हिरिरीने मध्ये पडायचे. हे मख्ख चेहऱ्याने ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "नाही पटत. तो तिसरा पास परत सांगा बरं." अंकल परत सांगायचे. यांचे कान लालबुंद झालेले असायचे. मला वाटायचं, रागाने.

परतीच्या एमआरटी मेट्रोत मात्र हा माणूस शीळ घालत असायचा. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. यांना वाद जिंकायचाच नव्हता मुळी! लेकाचं कौतुक दुसऱ्यांच्या तोंडून ऐकायचं, म्हणून हे त्याला नावं ठेवत होते.

मी चिडले. "अहो, सरळ सांगा ना, माझा मुलगा आहे, मला अभिमान वाटतो. कोण खातंय तुम्हाला?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. मुलगा शाळेत असताना एका स्पर्धेत जिंकला होता. गणपतीला घरी आलेल्या सगळ्या मंडळींसमोर यांनी त्याला जवळ घेऊन तोंड भरून कौतुक केलं. त्याच आठवड्यात पोरगा सायकलवरून पडला आणि मनगट मोडलं. हॉस्पिटलमध्ये बायको रडत म्हणाली, "तुमचीच दृष्ट लागली. आईबापाची दृष्ट सगळ्यात वाईट." रागात बोललेलं वाक्य, ती दुसऱ्या दिवशी विसरूनही गेली असेल. पण यांच्या मनात ते कायमचं बसलं.

"थोतांड आहे, मान्य," ते म्हणाले. "पण उगाच रिस्क कशाला?"

आता कळलं ना बॅगेखालची बोटं कशाला मोडली जायची ते? माझी आई शाळेच्या बक्षीस समारंभाहून आलं की माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडायची. हे तेच करत होते. लांबून, वरच्या रांगेतून, कुणाला दिसणार नाही असं. मला हसू आलं आणि गलबलूनही आलं.

पण गंमत म्हणून किती दिवस चालणार? टीम लागोपाठ हरायला लागली. त्या शनिवारी आम्ही हॉकर सेंटरला बसलो आणि यांनी नेहमीसारखी सुरुवात केली. "चार पॉइंट! काढा त्याला."

अंकलनी कोपी ढवळली. साखरेच्या पाकिटांना हातसुद्धा लावला नाही. म्हणाले, "मी घरी जाऊन विचार केला. तुझं बरोबर असेल लाह. आपल्याला पॉइंट करणारा गार्ड पाहिजे."

यांचा चेहरा उतरला. मी मनात म्हटलं, आता तरी पलटा. म्हणा, नाही अंकल, तुमचंच खरं. पण इतके दिवस एकाच बाजूला वळलेली जीभ ऐन वेळी कशी वळणार? यांना वाटलं, अजून जोर लावला तर म्हातारा पेटेल. आवाज चढवून म्हणाले, "चांगला खेळाडू नाहीच तो! ओझं आहे टीमवर! त्याच्यामुळे हरतोय आपण!"

अंकल पेटले नाहीत. मान हलवून म्हणाले, "हं. ओझं."

मी बोलायला तोंड उघडलं आणि माझं लक्ष यांच्या मागे गेलं. हातात चिकन राइसचा ट्रे घेऊन तो उभा होता. अंगात टीमची जर्सी, केस ओले. मॅच झाली की मुलं कॅन्टीनला जायची, त्या दिवशी इकडे आली होती.

"हाय काकू," तो मला म्हणाला. मग वडिलांकडे वळला. "बाबा, तुमची मीटिंग होती ना?"

हे उठले, कप कलंडला, कोपी टेबलभर झाली. ट्रे तिथेच ठेवून मुलगा निघून गेला. अंकल एकदा जर्सीच्या पाठीकडे आणि एकदा यांच्याकडे बघत राहिले. "तू बाप आहेस त्याचा?" ते म्हणाले. "कसला बाप आहेस तू?"

हे कागदी रुमालाने टेबल पुसत राहिले. टेबल कोरडं झालं तरी पुसतच होते.

दोन दिवसांनी पोरगा मला लिफ्टमध्ये भेटला. म्हणाला, "काकू, मी कोचला सांगितलं, दुसऱ्या गार्डला घ्या. शेवटची मॅच मी बेंचवर. बाबा इज राइट. मी ओझंच आहे."

मला राहवलं नाही. बंदी गेली उडत! मी त्याला सगळं सांगून टाकलं. मनगट, दृष्ट, वरची रांग, बॅगेखालची बोटं, साखरेची पाकिटं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. आमचा मजला आला तेव्हा म्हणाला, "ओके. पण मग घरी? घरी तर आम्ही दोघंच असतो काकू. तिथे कोण ऐकत होतं?"

एवढं बोलून तो आपल्या दाराकडे वळला.

मी ते वाक्य जसंच्या तसं यांच्या कानावर घातलं. ऑफिसच्या पॅन्ट्रीत हे उभे होते. चहात बुडवलेलं बिस्किट विरघळून गेलं तरी हातातला तुकडा तसाच धरून उभे. मग म्हणाले, "तूच सांग ना त्याला. तुझं ऐकेल."

"मी सांगितलं. त्याला तुमच्याकडून ऐकायचंय."

"निघत नाही गं तोंडातून. रोज रात्री पोळी वाढताना ठरवतो, आता बोलायचं. आणि म्हणतो काय, तर मीठ बरोबर आहे का?" त्यांचे डोळे भरून आले होते. "मुलगा माझ्यासमोर जेवतो आणि मला त्याच्याकडे वर बघवत नाही. आणि खरं सांगू? अजूनही भीती वाटते. मी बोललो आणि त्याला काही झालं तर?"

मला त्यांचा राग आला आणि त्यांची कीवही आली. मोठ्या माणसाला कुणी समजवायचं? मी इतकंच म्हटलं, "काहीतरी झालंच आहे त्याला. न बोलल्यामुळे."

शेवटच्या मॅचला हे सगळ्यात पुढच्या रांगेत बसले. टोपी नाही, बॅग नाही. अंकल आमच्यापासून चार खुर्च्या सोडून तोंड फिरवून बसले होते. मुलगा बेंचवर होता. त्याने वडिलांना पाहिलं आणि बुटाच्या लेस पुन्हा बांधायला घेतल्या.

दुसऱ्या गार्डने पॉइंट केले, पण बाकीच्यांची पानं रिकामीच राहिली. टीम मागे पडली. शेवटी कोचने याला उभं केलं. आणि सांगते तुम्हाला, त्याने टीमला असं काही जेवू घातलं, की मागे पडलेली टीम बघता बघता एका पॉइंटच्या अंतरावर आली. मग तो पास आला. बघत होता एकीकडे, चेंडू गेला दुसरीकडे, दोन जणांच्या मधून, आणि उंच मुलाने नुसता वर ठेवायचा राहिला. अंकल खुर्चीवर चढून ओरडले.

माझ्या शेजारी हे उभे राहिले. दोन्ही हात मोकळे. आणि इतक्या मोठ्याने की माझे कान बधिर झाले, "शाब्बास! शाब्बास रे माझ्या वाघा!"

खेळ थांबला नव्हता. चेंडू परत त्याच्या हातात आला होता. पण कित्येक वर्षांत न ऐकलेली शाबासकी ऐकून पोरगा जागच्या जागी थबकला. त्याने मान वळवून आमच्याकडे पाहिलं. तेवढ्यात समोरच्याने त्याच्या हातातून चेंडू उचलला, पळत गेला आणि बास्केट केली. शिट्टी वाजली. आम्ही हरलो.

हे मटकन खाली बसले. "बघितलंस?" मला म्हणाले. "बघितलंस? बोललो आणि झालं!"

यात दृष्टीचा काही संबंध नाही, पोराला सवय नव्हती म्हणून त्याने वळून पाहिलं, हे मी किती समजावलं! पण ऐकतील तर शपथ. सगळी टीम मान खाली घालून बाहेर आली, तेव्हा हे कॉरिडॉरमध्ये हात जोडून उभे होते, आणि एकेका मुलाला सॉरी म्हणत होते. मुलांना काही कळेना. "इट्स ओके लाह अंकल," म्हणत ती पुढे जात होती.

सगळ्यात शेवटी हा आला.

"माझं चुकलं रे," हे म्हणाले. "मी बोलायला नको होतं."

"कधी? त्या दिवशी, की आज?"

"दोन्ही वेळा."

मुलाने बॅग खाली ठेवली. म्हणाला, "त्या दिवशीचं चुकलं. आजचं परत म्हणा."

यांनी आजूबाजूला पाहिलं. मी होते आणि मागे अंकल होते. हॉलमध्ये ओरडलेला तो आवाज कुठे गेला कोण जाणे. कसंबसं, अगदी हळू, "शाब्बास" म्हणाले. आणि लगेच दोन्ही हात पाठीमागे गेले. कडाकड आवाज आम्हाला सगळ्यांना आला. मुलगा हसला आणि जर्सीने तोंड पुसायला लागला. बराच वेळ पुसत होता.

आता ते पुण्यात असतात, नोकरी सोडून बायकोजवळ. मुलगा नोकरीला लागला. वुडलँड्सला मित्रांबरोबर फ्लॅट घेऊन राहतो आणि रविवारी ब्लॉकखालच्या कोर्टवर खेळतो. मी आणि अंकल अजून शनिवारी हॉलमध्ये जातो. हॉकर सेंटरला समोरची खुर्ची रिकामी असते. कुणी वाद घालायला नसल्यामुळे अंकलची साखरेची पाकिटं तशीच राहतात.

यांचा फोन येतो. हवापाणी झालं की गाडी त्या मॅचवर येते.

"परवा तुमचा लेक भेटला होता," मी सांगते. "ती हरलेली मॅच त्याची सगळ्यात आवडती आहे म्हणाला."

"हरले ना पण."

"हरले."

"माझ्यामुळे हरले."

पूर्वी मी वाद घालायचे. आता म्हणते, "हो, तुमच्यामुळे."

पलीकडून बोटं मोडल्याचा आवाज येतो. आणि ते म्हणतात, "काय म्हणाला तो? परत सांग."