शून्य गुणांची मिरवणूक

श्री. मच्छिंद्र कोंडीराम, राहणार सोनारी, तालुका परंडा. शिक्षण चौथी, व्यवसाय शेती. गावच्या सहकारी सोसायटीचे विद्यमान चेअरमन, पाण्याच्या समान वाटपाचे खंदे पुरस्कर्ते व जलक्रीडेचे आश्रयदाते. सोसायटीच्या अहवालात एवढंच छापलं आहे. अहवालात सुडाला रकाना नसतो.

बहात्तरच्या दुष्काळात गावासाठी आलेला टँकर तेव्हाचे चेअरमन आबाराव स्वतःच्या विहिरीत रिकामा करून घेत आणि पोहरा कुणी टाकायचा ते ओट्यावर बसून ठरवत. मच्छिंद्रनं चारचौघांत हटकलं. त्याचा पोहरा बंद झाला. दोन्ही बैल दावणीलाच गेले. त्यानं काळभैरवापुढं सांगितलं, "आबारावाचं नाक कापल्याबिगर डोईला पटका बांधणार न्हाय." पुढं दहा वर्षं तो लग्नात आणि मयतीत सारख्याच बोडक्या डोक्यानं हिंडला.

आबारावांचा उत्तरेश्वर मुंबईला शिकायला गेला आणि समुद्रात शिडाची फळी चालवायला लागला. फळीवर उभं राहायचं, दोन्ही हातांनी शीड धरायचं आणि वाऱ्याशी भांडत पुढं जायचं, असा तो खेळ. ब्याऐंशी साली मुंबईत देशोदेशींच्या खेळाडूंची मोठी स्पर्धा भरली. पुरुषांच्या शर्यतीत तो उतरला.

"पोरगं पान्यावर हुबं ऱ्हातंय," आबाराव सांगत.

"बाप लोकांच्या पान्यावर हुबा हाय, पोरगं दुसरं काय करंल?" मच्छिंद्र म्हणे.

एका संध्याकाळी सोसायटीच्या रेडिओवर बातमी आली: पहिल्या शर्यतीअखेर उत्तरेश्वर शून्य गुणांवर. मच्छिंद्र तेवढ्यावरच उठला. या खेळात पहिल्याला शून्य देतात, मागच्यांना वाढते गुण देतात आणि शेवटी सर्वांत कमी गुणांचा जिंकतो, हे त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यानं निवडणुकाच पाहिल्या होत्या, आणि त्यांत शून्यवाल्याची अनामत जप्त होते.

पडलेल्याच्या दारात बांगड्यांचा आहेर न्यायची रीत आहे. त्यानं हलगीवाले सांगितले, ताटात हिरव्या बांगड्या भरल्या.

"त्यानं बैल उठून येणार हायेत का?" बायको कडूबाई म्हणाली.

"बैल न्हाय येणार. पर गाव येईल."

गाव आलं. आबारावांकडं मात्र मुलाची तार आधीच पोचली होती. ते डोळे पुसत बाहेर आले. "मच्छिंद्रा, पहिला नंबर काढला पोरानं, आन् सगळ्यांच्या आदी तू आलास!" ताटावरचं फडकं उचललं. "सुनंचंबी बघून ठिवलंस व्हय रं?" मच्छिंद्र ओरडून काहीतरी सांगत होता, त्याच्याच हलगीपुढं कुणाला ऐकू गेलं नाही. आबारावांनी स्वतःचा फेटा सोडला आणि गावासमोर त्याच्या डोक्याला बांधला.

घरी कडूबाईनं विचारलं, "कुणी बांधला?" त्यानं फेटा उतरवून कोपऱ्यात भिरकावला. बैलांचा राग तरी जुना होऊन बसला होता. हा ताजा होता.

पुढच्या शर्यतींत वारा पडला आणि उत्तरेश्वर नववा आला. आबारावांचा गहिवर मात्र पडला नाही. सोसायटीच्या संचालकांची एक जागा रिकामी होती, ती त्यांनी आपला माणूस म्हणून मच्छिंद्रला दिली. वर्षभरानं चेअरमन निवडायची बैठक बसली. विरोधकांनी मच्छिंद्रलाच उभं केलं. त्यानं स्वतःसाठी हात वर केला आणि आबाराव एका मतानं पडले.

"तुला म्या फेटा बांधला रं," आबाराव म्हणाले.

"त्याचीच फेड हाय ही," मच्छिंद्र म्हणाला.

पुढच्या उन्हाळ्यापासून टँकर मच्छिंद्ररावांच्या विहिरीत रिकामा होतो.