निघ बाबा, गाडी चुकंल

"हलू नका, पण मेल्यावानी बी बसू नका!" पासपोर्ट फोटोला बसलेल्या माणसाला भाऊ असं दटावायचे आणि तो हसला रे हसला की बटण दाबायचे. परभणीत माझं शिलाईचं दुकान त्यांच्या स्टुडिओला लागूनच. फोटोसाठी टांगलेला काळा कोट माझ्याच हातचा. पिंगळीच्या नवरदेवापासून पालमच्या पुढाऱ्यापर्यंत सगळे त्याच कोटात साहेब झालेत.

तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? अहो, या माणसानं मुंबईत सिनेमातल्या नट्यांचे फोटो काढलेत! सकाळी रस्त्यावरचे हमाल, भाजीवाल्या टिपायच्या आणि दुपारनंतर नट्या. "मास्तर, नटीपेक्षा भाजीवाली अवघड. ती आपल्यासाठी थांबत न्हाई," म्हणायचे.

आईला विसर पडायला लागला म्हणून चार दिवसांसाठी परभणीला आले, ते अडकलेच; मग पोटासाठी हा स्टुडिओ टाकला. एकुलते एक, लग्नही केलेलं नाही. माय सगळं विसरली, पण लेक मुंबईला असतो एवढं मात्र धरून बसली. रोज सकाळी विचारायची, "कवा आलास?"

"आत्ताच आलो, माय."

जेवण झालं की तिची घालमेल सुरू. "निघ बाबा, गाडी चुकंल." मग भाऊ कॅमेऱ्याची बॅग खांद्याला लावून निघायचे, ते थेट स्टुडिओत. बॅग दिसली नाही तर पोराचं मुंबईचं काम सुटलं म्हणून ती रडत बसायची. बघून लय जीव तुटायचा.

एकदा साड्यांच्या दुकानाच्या उद्घाटनाला एक नटी आली. गर्दीतून तिनं भाऊंना ओळखलं. "अहो, तुम्ही इथं? परत या ना, मी काम देते!" आम्ही गल्लीवाले तर फुगलोच. जगाला 'हलू नका' सांगणाऱ्या भाऊंनी तिचा फोटो काढला, तो मात्र हललेला आला.

"मास्तर, मायला कुठं ठिवू, सांगा," ते म्हणाले.

त्याला बरीच वर्षं झाली. मागच्या महिन्यात माय गेली. तेरावं उरकल्यावर भाऊ संध्याकाळी बॅग घेऊन माझ्याकडे आले. सुटला एकदाचा माणूस, असं मला वाटलं.

"भाऊ, जावा की आता मुंबईला. गाडीला टाइम हाय अजून."

"आता तिथं कोण वळखतंय, मास्तर? अन् निघ म्हणणारी बी गेली."

तरी म्हणालो, "मी म्हणतो ना. निघ बाबा, गाडी चुकंल."

भाऊ उठले, दारापर्यंत गेले. मग परत येऊन माझ्या मशीनशेजारी स्टुलावर बसले. गाडीचा भोंगा वाजला. गाडी गेली. खांद्यावरची बॅग त्यांनी तरीही काढली नाही.