कंडक्टर ज्योत्स्नाचा खुलासा

खटकचिंचोळीच्या थांब्यावर सकाळी दोन गाड्या पाठोपाठ येतात. पहिलीत जागा असली तरी बायका तिला हात करत नाहीत. "ज्योत्स्नाक्काची गाडी मागं हाय," म्हणतात आणि उभ्या राहतात. कारण अगदी साधं आहे. म्हातारीचे दोन्ही पाय आत आल्याशिवाय ज्योत्स्ना शिट्टी वाजवत नाही, आणि बायकांच्या गर्दीत उगीच घुसणाऱ्या गड्याला ती अशा आवाजात मागे पाठवते की तो मुकाट पुढच्या थांब्यावर उतरून जातो. कर्नाटकातल्या भालकी ते हुमनाबाद या रस्त्यावर तिला चौदा वर्षं झाली. खटकचिंचोळीतल्या बौद्ध वस्तीतून खाकी अंगावर चढवणारी ती पहिली बाई. तिच्यामागून दोघी पोलिसात गेल्या, एक टपालात लागली.

एवढी खणखणीत बाई, पण स्वतःचं काय दुखतं ते तिनं या चौदा वर्षांत कुणाला नीट सांगितलं नव्हतं.

ज्योत्स्नाची छाती फार मोठी होती. असं सरळ लिहिलं की वाचणारा जरा इकडेतिकडे बघतो. बघू दे. आडून आडून बोलण्यानंच तिची उमेदीची वर्षं खाल्ली, तेव्हा इथं तरी सरळ बोललेलं बरं. नववीत होती तेव्हापासून "पोरगी अंगानं भरलीय" हे शब्द तिनं ऐकले, आणि तेही कौतुकानं. खात्यापित्या घरची दिसते म्हणायचे. मुलगी झाल्यावर ते ओझं आणखी वाढलं आणि कमी झालंच नाही. आतल्या कपड्याच्या पट्ट्यांनी दोन्ही खांद्यांवर बोट बसेल एवढ्या खाचा पडल्या. उन्हाळ्यात छातीखाली घाम साचून कातडी सोलवटायची. मग पावडर लावायची, जुन्या सुती साडीच्या घड्या घालायच्या आणि तशीच ड्युटीवर जायची. दुपारची फेरी लागेपर्यंत मान आणि डोकं एकदमच ठणकायला लागे.

त्यात तिनं स्वतःहून एक भर घातली होती. कंडक्टरची चामडी बॅग खांद्यावरून आडवी घालायची असते, म्हणजे वजन अंगावर वाटलं जातं. ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी हे शिकवतात. ज्योत्स्नानं बॅग तशी एकदाच घातली. आरशात बघते तर पट्टा बरोबर मधून गेलेला, आणि जे झाकायला ती जन्मभर धडपडली तेच उठून दिसतंय. त्या दिवसापासून बॅग नुसती उजव्या खांद्याला लटकवलेली, आणि तिकिटाचं मशीन दोन्ही हातांनी छातीसमोर धरलेलं. चौदा वर्षं तिनं लाजेपायी एकाच खांद्यावर नोकरी केली, असं म्हटलं तरी चालेल.

डॉक्टर काय कमी झाले? भालकीचे झाले, उदगीरचे झाले. प्रत्येकाला ती सांगायची, पाठ दुखते. खाकी कोट अंगावरून काढायची नाही, आणि समोरचा पुरुषमाणूस काढा म्हणायचा नाही. दोघेही अंग चोरून बसलेले. मग पाठीचा एक्सरे, कमरेला पट्टा, कॅल्शियमच्या गोळ्या. एकानं वजन कमी करायला सांगितलं, तर या बाईनं वर्षभरात अकरा किलो कमी करून दाखवलं. गाल बसले, बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या, छाती जवळपास होती तेवढीच राहिली. नवरा अमरदीप हायस्कुलात मास्तर, मनानं चांगला माणूस. तो रोज न कंटाळता बाम चोळून द्यायचा, पण दुखण्याचं नाव त्याच्याही तोंडून कधी निघालं नाही.

मग बायकांना बसप्रवास फुकट झाला आणि गाड्या फुलून वाहायला लागल्या. फुकट असला तरी प्रत्येक बाईला झिरोचं तिकीट काढून द्यावंच लागतं, आणि एक जरी बाई तिकिटाविना सापडली तरी जाब कंडक्टरला विचारतात. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत, बाजाराच्या दिवशी, गाडीत नव्वद माणसं होती. खटकचिंचोळी सुटली आणि ज्योत्स्नाचा उजवा अंगठा मेला. मुंग्या तर महिनाभर येतच होत्या, त्या दिवशी बटण दाबलं की नाही तेच कळेना. डाव्या हातानं रेटत रेटत ती निम्म्या गाडीपर्यंत आली, तोवर हुमनाबादच्या अलीकडे तपासणीवाले चढले. अकरा बायका तिकिटाविना सापडल्या.

मेमो हातात पडला. सात दिवसांत लेखी खुलासा द्या. आणि डेपोत कुजबुज सुरू झाली की बाईला आता रस्त्यावरून काढून कायमचं टेबल देणार.

टेबल मिळावं म्हणून लोक वशिले लावतात. ज्योत्स्नाला त्या टेबलाची धडकी भरली. रस्त्यावर ती ज्योत्स्नाक्का होती. थांब्याथांब्यावर तिला ओळखणारी माणसं होती, तिची वाट बघणाऱ्या बायका होत्या. दप्तर छातीशी कवटाळून, पोक काढून उभ्या राहणाऱ्या कॉलेजच्या पोरींना ती "सरळ उभी राहा गं" म्हणून दटावायची, आणि पोरी खरंच सरळ व्हायच्या. हे सगळं सोडून खोलीत फायली लावत बसायचं म्हणजे तिला जिवंतपणी पेटीत घातल्यासारखं वाटलं.

ड्रायव्हर बसलिंगप्पा सहा वर्षं तिच्यासोबत होता. त्यानं सोपी वाट दाखवली. "अक्का, गर्दी लई होती म्हणून लिवा की. नव्वद माणसं होती. साहेब बी मान डोलवतंय."

"गर्दी रोजच हाय, अण्णा," ती म्हणाली. "हात माझा गेलाय. उद्या परत जाईल, मग काय लिहू?"

तीन दिवस तिनं कागद लिहिले आणि फाडले. पाठदुखी लिहायची आणि थांबायची. शेवटी तिला वाट सापडली ती कन्नडमध्ये. ऑफिसचे कागद कन्नडमध्येच लिहायचे असतात, आणि जो शब्द लहानपणापासून घरात दबक्या आवाजातच ऐकला होता तो ऑफिसच्या भाषेत लिहिताना पेन अडलं नाही. तिनं लिहिलं: माझ्या छातीचं वजन माझ्या शरीराला पेलत नाही. त्यामुळे मान, खांदा आणि उजवा हात काम देत नाहीत. अकरा बायकांना तिकीट देता आलं नाही, ती चूक माझी आहे, गर्दीची नाही. मला उपचारासाठी रजा द्यावी आणि नंतर याच रस्त्यावर परत घ्यावं.

नोकरीत बायका काय काय सोसतात आणि कुठल्या कागदावर काय म्हणून लिहितात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या चार वाक्यांची किंमत कळेल. मला तर ती कुठल्याही शौर्यपदकाच्या लायकीची वाटतात.

डेपोचे साहेब निवृत्तीला आलेले गृहस्थ. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि वर न बघताच म्हणाले, "रजा दिली. मोठ्या दवाखान्यात दाखवा. तीन महिन्यांत फिट असल्याचा कागद आणलात तर रूट तुमचा. नाहीतर टेबल घ्यावं लागेल, बाई." अकरा तिकिटांबद्दल लेखी समज मिळाली आणि प्रकरण मिटलं. कागद मात्र डेपोभर फिरला. एक क्लार्क तिला बघून मिशीत हसला, तेव्हा ती त्याच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. "वाचलं न्हवं? आता काय विचारायचं ते समोरून विचार." त्यानं फायलीत तोंड घातलं.

गुलबर्ग्याला डॉक्टर सुधारानी भेटल्या. कोट काढा, असं म्हणणारी ही पहिली डॉक्टर. त्यांनी मागून खांदे बघितले, खाचांतून बोट फिरवलं आणि विचारलं, "किती वर्षं?"

"चौदा," ज्योत्स्ना म्हणाली, मग थांबली. "न्हाई, ज्यादाच. पोरगी झाली तेव्हापासून."

"पाठीला काही आजार नाही तुमच्या. पाठ बिचारी ओझं वाहतेय." मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. ऑपरेशन करून छाती लहान करता येते. वण राहतात, काही जागी बधिरपणा राहू शकतो, जखम भरायला वेळ लागू शकतो. लोक याला सुंदर दिसण्याचं ऑपरेशन समजतात, पण कित्येक बायकांना हे हात आणि मान वाचवायला लागतं. ज्योत्स्ना ऐकत होती आणि तिला राग येत होता. इतक्या वर्षांत हे कुणीच कसं सांगितलं नाही, याचा राग. आणि आपण तरी कुणाला विचारलं होतं, हेही लगेच आठवलं.

अमरदीप तयार झाला. आई तयार होईना. कोंडाबाई, वय त्रेसष्ट, खटकचिंचोळीतच राहायची. जन्म दुसऱ्याच्या शेतात तूर कापण्यात आणि उडीद उपटण्यात गेला. बांधाही लेकीसारखाच. चोळीच्या आतून जुन्या लुगड्याची पट्टी घट्ट आवळून ती कामाला जायची. आता पाठीत अशी वाकली होती की समोरच्याचं तोंड बघायला मान वाकडी करावी लागे.

"अंगाचं कापून टाकायलीस? कामून?" ती कडाडली. "मी न्हाई का काढला जलम? माझं काय तुझ्यापरीस कमी होतं?"

"तू काढलास म्हणून मी बी काढू का, माय?"

हे कोंडाबाईच्या जिव्हारी लागलं. "जा मग. मला दवाखान्यात बोलवू नको," म्हणाली आणि खरंच आली नाही. ज्योत्स्नाला ऑपरेशनची भीती वाटली नसेल एवढं याचं वाईट वाटलं.

ऑपरेशन चार तास चाललं. दोन्हीकडचं मिळून दोन किलोच्या वर निघालं. बसलिंगप्पाला कळलं तेव्हा तो म्हणाला, "दोन किलो जवारी गळ्यात बांधून पळत होतात की, अक्का." शुद्धीवर आल्यावर ज्योत्स्नाला टाके दुखत होते, नळ्या टोचत होत्या, आणि तरी तिनं एक खोल श्वास घेतला आणि तो पोटापर्यंत गेला. असा श्वास शेवटचा कधी घेतला होता ते तिला आठवेना.

पुढचं सगळं मात्र सुरळीत झालं नाही. डाव्या बाजूची जखम एका टोकाला उघडली आणि महिनाभर भरेना. इकडे साहेबांचे तीन महिने पळत होते. ती दिवसाआड मलमपट्टी करून घेई, आणि घरी मुलीच्या कॅल्क्युलेटरवर अंगठ्यानं बटणं दाबत बसे. शंभर वेळा, मग दोनशे वेळा. पहिले काही आठवडे अंगठा गोधडीत गुंडाळल्यासारखा. मग एके दिवशी चहाचा कप चटका देऊन गेला, आणि ही बाई भाजलेला अंगठा घेऊन घरभर हसत फिरली. नव्वदातल्या सत्त्याऐंशीव्या दिवशी तिनं फिट असल्याचा कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला.

परतीच्या पहिल्याच फेरीत भालकीतून भाजीवाली नागव्वा चढली. पाटी खाली ठेवली आणि ज्योत्स्नाला निरखून बघत मोठ्यानं म्हणाली, "काय केलीस गं, अक्का? बारीक दिसायलीस." अख्ख्या गाडीनं कान टवकारले. पथ्य केलं, चालायला जाते, असं काहीही सांगून वेळ मारून नेता आली असती.

"छाती मोठी होती, मावशी. लई दुखायची, हात चालत नव्हता. ऑपरेशन करून कमी केली."

बसलिंगप्पा रस्त्याकडे एवढं लक्ष देऊन बघायला लागला की जणू आजच गाडी शिकतोय. मग मागून एक बाई म्हणाली, "कुठं करतेत ते?" दुसरी म्हणाली, "भाकरी थापताना माझा बी हात मरतो गं." ज्योत्स्ना तिकिटं काढत पुढे सरकत होती आणि उत्तरं देत होती. एकही बाई तिकिटाविना राहिली नाही.

खटकचिंचोळीला कोंडाबाई उभी होती. तीन महिन्यांत ती लेकीशी एक शब्द बोलली नव्हती. ती चढली, पुढच्या बाकावर टेकली आणि मान वाकडी करून लेकीकडे खालपासून वरपर्यंत बघत राहिली.

"कुठं जायलीस, माय?"

"गुलबर्ग्याला. हुमनाबादला गाडी बदलून जाते."

"एकलीच? कामून?"

कोंडाबाईनं आजूबाजूला बघितलं. पण विचारायचं होतं ते तिनं विचारलंच, आणि दबक्या आवाजात विचारलं नाही.

"तुझ्या त्या डाक्टरणीला इचारायचंय. त्रेसष्टीच्या बाईचं करतेत का म्हणून." मग लेकीचा हात धरून म्हणाली, "मला बी लई दुखतंय गं, ज्योत्स्ने. लगीन झालं तवापासून."

ज्योत्स्ना तिच्याशेजारी बसली, आणि भरल्या गाडीत दोघी मायलेकी रडल्या.